फेलोशिपची वर्षं आणि वयाचा रकाना

२०१३ साली मी सीएसआयआर-यूजीसी नेट दिली, म्हणजे विज्ञानातल्या संशोधनाची फेलोशिप आणि प्राध्यापकीची पात्रता ठरवणारी राष्ट्रीय परीक्षा. लाइफ सायन्सेसच्या पेपरातला शेवटचा भाग मोठा मजेशीर असतो. प्रश्न ७५, पण सोडवायचे फक्त २५. बरोबर आला की ४ गुण, चुकला की एक वजा. ज्याला वनस्पती कळतात त्यानं वनस्पती उचलाव्यात, ज्याला उत्क्रांती कळते त्यानं उत्क्रांती. मी मायक्रोबायॉलॉजीची, त्यामुळे जिवाणू, विषाणू आणि इम्युनॉलॉजी एवढ्यावरच डाव लावला होता. खरी भीती पहिल्या भागाची, तिथं काळ-काम-वेग आणि आलेख असतात. आमच्यातल्या निम्म्यांनी बारावीनंतर जीवशास्त्र धरलं ते गणित सुटावं म्हणूनच.

निकालात तेव्हा दोन याद्या लागायच्या. वरच्या यादीत नाव आलं तर जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, पीएच.डी. करताना पाच वर्षं दरमहा पैसे. खालच्या यादीत आलं तर प्राध्यापकीसाठी अर्ज करण्याची पात्रता, पैसे शून्य. दोन्हींत फरक थोड्या गुणांचा असायचा, पण पुण्या-मुंबईत खोली घेऊन कोण राहू शकणार आणि कोण गावी परतून तासिका तत्त्वावर शिकवणार, हे तिथंच ठरायचं. माझं नाव वरच्या यादीत होतं. माझ्याबरोबर अभ्यास केलेली आणि माझ्याहून हुशार असलेली मैत्रीण खालच्या यादीत. आज ती सुरेख शिकवते, पण संशोधन सुटलं ते सुटलंच.

फेब्रुवारी २०१४ मध्ये पुण्यातल्या एका संस्थेत रुजू झाले. तेव्हा जेआरएफ होती १६,००० रुपये, वर घरभाडं भत्ता. तो मिळवण्यासाठी हॉस्टेल मिळालेलं नाही असा दाखला लागतो. तो वॉर्डनकडून आणायचा, त्यावर गाईडची सही, मग विभागप्रमुखांची, मग लेखा विभागात. शिवाय रुजू झाल्याचा अहवाल, बँकेचा तपशील, दरमहा हजेरीचा दाखला. यातला एखादा कागद कुणाच्या टेबलावर राहिला की पुढचं सगळं अडून बसायचं. पहिले पैसे आले ते बऱ्याच महिन्यांचे एकदम. तोवर बाबांनी पाठवलेल्या पैशांवर दिवस काढले. त्यांना कळेना की सरकारी परीक्षा पास होऊनही मुलीला पैसे का पाठवावे लागतात. आत्या तर प्रत्येक फोनवर विचारायची, "पगार सुरू झाला का गं?" पगार नाही, फेलोशिप, असं सांगायचा प्रयत्न मी पहिल्या दिवाळीपर्यंत केला, मग सोडून दिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरपासून जेआरएफ २५,००० झाली. एप्रिल २०१५ पासून केंद्र सरकारनं पुण्याला घरभाडं भत्त्यासाठी 'वाय'मधून 'एक्स' वर्गात नेलं, म्हणजे भत्ता २० टक्क्यांवरून ३० टक्के. माझे ५,००० चे ७,५०० झाले. पुणं वाढलं याचा मला झालेला हा एकमेव आर्थिक फायदा. वाहतुकीबद्दल नंतर कधीतरी.

हे आकडे मुद्दाम सांगते आहे, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की संशोधक उपाशी असतात. तसं नव्हतं. बाविशी-तेविशीतल्या एकट्या माणसाला ३२,००० रुपये त्या काळी वाईट नव्हते. माझ्या काही वर्गमैत्रिणी औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये यापेक्षा कमी पगारावर लागल्या होत्या. फरक होता तो वेगळाच. त्यांचा पगार ठरलेल्या तारखेला यायचा, त्यातून पीएफ कापला जायचा, वर्षाला थोडा का होईना वाढायचा. आमची रक्कम स्थिर, मधूनच एकदम उडी मारणारी, आणि तारखेचा पत्ता नाही.

आमच्या लॅबमध्ये तर शेजारी शेजारी बसणाऱ्यांचे पैसेही वेगवेगळ्या वाटांनी यायचे. कुणाची सीएसआयआरची फेलोशिप, कुणाची यूजीसीची, एकाची डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग), एकाची आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषद), एक मुलगा बार्टी या राज्याच्या संस्थेच्या फेलोशिपवर, आणि एक जण गाईडच्या प्रकल्पावर प्रोजेक्ट असिस्टंट. नंतर आलेल्यांत सारथी आणि महाज्योती या राज्याच्या तशाच संस्थांचीही मुलं होती. काम सारखंच, सेंट्रिफ्यूज तोच, पण कुणाला मार्चमध्ये पैसे मिळालेत आणि कुणाला नाहीत हे कॅन्टीनमध्ये कोण चहाचे पैसे देतं त्यावरून कळायचं. प्रकल्पावरच्या मुलाची अवस्था सगळ्यात नाजूक. आर्थिक वर्ष संपलं की खर्चाचा हिशेब आणि विनियोग प्रमाणपत्र वर पाठवायचं, ते मंजूर झालं की पुढचा हप्ता. मधल्या काळात तो काम करतच असायचा. पेशींना मार्चअखेर कळत नाही.

पेशींचं जरा सविस्तर सांगते, कारण जीवशास्त्रातल्या पीएच.डी.ला पाच वर्षं का पुरत नाहीत याचं उत्तर तिथं आहे. मी माणसाच्या पेशींवर, म्हणजे सेल लाइनवर काम करायचे. त्या बाटलीत वाढवायच्या, दोन-तीन दिवसांनी खाद्य बदलायचं, बाटली भरली की दुसरीत पसरायच्या. रविवार, गणपती, लग्नकार्य यांपैकी कशानंही त्यांचं वेळापत्रक बदलत नाही. खाद्यात घालायचं सीरम बाहेरून येतं, अँटिबॉडी बाहेरून येतात, मागणी नोंदवल्यापासून हातात पडेपर्यंत कधी कधी ऋतू बदलतो. सगळं जुळून आलं आणि तपासणीत मायकोप्लाझ्मा हा पेशींना लागणारा सूक्ष्म जिवाणू निघाला, तर सगळ्या बाटल्या निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये आणि पुन्हा गोठवलेल्या साठ्यापासून सुरुवात. भौतिकशास्त्रातला एक मित्र म्हणायचा, "तुमचं शास्त्र म्हणजे शेती आहे." खोटं नव्हतं. पाऊस हुकला की हंगाम गेला.

दोन वर्षांनी तीन जणांच्या समितीपुढे कामाचा आढावा झाला आणि जेआरएफची एसआरएफ, म्हणजे सीनिअर फेलो, झाले, २८,०००. त्यानंतर रक्कम तिथंच राहिली. रकमेत वाढ व्हावी म्हणून देशभरातले संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आमच्या इथंही फाटकाबाहेर फलक घेऊन उभे राहिलो. जानेवारी २०१९ च्या शेवटी आदेश निघाला. जेआरएफ ३१,०००, एसआरएफ ३५,०००, १ जानेवारीपासून लागू. माझी पाच वर्षं फेब्रुवारीत संपत होती. वाढीव रकमेचा हिशेब करायला बोटंही पुरून उरली.

फेलोशिप संपली तेव्हा प्रबंध लिहून व्हायचा होता आणि समीक्षकांनी मागितलेला एक प्रयोग राहिला होता. या सहाव्या वर्षाबद्दल कुणी आधी बोलत नाही. विद्यापीठाच्या नियमात पीएच.डी.ला सहा वर्षं चालतात, फेलोशिप पाचच वर्षं. मधलं एक वर्ष कुणाच्या हिशेबात नसतं. गाईडनं मला एका प्रकल्पावर घेतलं, सहा सहा महिन्यांच्या नेमणुकीवर. दर दोन नेमणुकांमध्ये एक दिवसाचा खंड, कागदावर. त्या दिवशीही मी लॅबमध्येच होते, पण हजेरीपटावर नव्हते. तेव्हा हसू आलं होतं. पुढं अनुभवाचे दाखले गोळा करताना हेच एकेक दिवस रांगेनं उभे राहिले.

व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, २०२० च्या सुरुवातीला झाला आणि दोन महिन्यांत सगळा देश बंद. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या हातातलं काम शेजारपाजारच्यांना कळलं. आरटी-पीसीआर हा शब्द भाजीवाल्याच्या तोंडी आला. अनेक संशोधन संस्थांना चाचण्यांची परवानगी मिळाली, आमच्यातले बरेच जण स्वतःहून आरएनए काढायच्या पाळ्यांमध्ये गेले. त्या काळात सोसायटीतल्या काकांनी मला थांबवून विचारलं होतं की आता तुम्हा लोकांचे पगार वाढणार असतील ना. मी मास्कच्या आतून हसले.

त्यानंतर एका प्रकल्पावर रिसर्च असोसिएट झाले. आरए-१ म्हणजे तेव्हा ४७,००० आणि तोवर २४ टक्क्यांवर आलेलं घरभाडं, एकूण ५८,२८०. मग पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठीची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप मिळाली, एनपीडीएफ. तिला मान मोठा, अर्ज स्वतःच्या कल्पनेवर करायचा, स्वतःचं वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान. रक्कम ५५,०००, ठोक. घरभाडं वेगळं नाही. म्हणजे पुण्यासारख्या शहरात वरच्या पायरीवर गेल्याबद्दल महिन्याला तीनेक हजार कमी. मी गाईडना हे दाखवलं तर म्हणाले, "सीव्हीवर चांगलं दिसतं." दिसतं खरं. घरमालकाला सीव्ही दाखवायची सोय नव्हती, एवढंच.

याच सुमारास आम्ही घर घ्यायचं ठरवलं. लग्न झालं होतं, नवरा एका खासगी कंपनीत. बँकेतल्या बाईंनी त्याच्या तीन पगारचिठ्ठ्या आणि फॉर्म १६ घेतले आणि माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे मंजुरीचं पत्र होतं, दोन वर्षांनी संपणारं. फॉर्म १६ नाही, कारण आधीची सगळी वर्षं फेलोशिप शिष्यवृत्ती म्हणून करमुक्त. करमुक्त असल्याचा अभिमान मी इतकी वर्षं बाळगला होता. बाई चांगल्या होत्या, त्यांनी साहेबांना जाऊन विचारलं आणि परत येऊन म्हणाल्या, "मॅडम, सहअर्जदार म्हणून नाव घालू, उत्पन्न धरता येणार नाही." सात वर्षं दरमहा खात्यावर आलेली रक्कम त्यांच्या पडद्यावर दिसत होती, पण त्यांच्या तक्त्यात तिला रकाना नव्हता. कर्ज नवऱ्याच्या पगारावर निघालं.

कायम नोकरीच्या जाहिराती मी नीट वाचायला लागले तेव्हा दुसरा रकाना दिसला, वयाचा. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांमध्ये सायंटिस्ट या पदाला खुल्या गटात कमाल वय ३२. हिशेब साधा आहे. एम.एस्सी. तेविसाव्या वर्षी, नेट आणि रुजू होण्यात एखादं वर्ष, पीएच.डी.ची सहा, म्हणजे तिशी. जाहिरातीत निवडून यायचं तर पोस्टडॉकचे पेपर हवेत, आणि ते हाती येईतो तेहेतीस. माझं तसंच झालं, एनपीडीएफ चालू असतानाच बत्तिशी ओलांडली. एका जाहिरातीत वयाच्या सवलतींची यादी वाचत गेले. राखीव गटांना होती, आधीच सरकारी नोकरीत असलेल्यांना होती, विधवा, घटस्फोटित आणि न्यायालयाच्या आदेशानं विभक्त झालेल्या स्त्रियांना होती. नवऱ्याशी बरं चाललेल्या बाईला काही नाही. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "जाहिरातीची शेवटची तारीख काय आहे?"

बायकांचा विषय निघालाच आहे तर. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गात मुलगे अगदी थोडे होते. ही काही आमच्या कॉलेजची गंमत नाही. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यातल्या मुली २९.८ लाख, निम्म्याहून जास्त. पीएच.डी.च्या लॅबमध्ये आम्ही निम्म्या होतो. पोस्टडॉकना बसायला दिलेल्या खोलीत दोघी. आणि ज्या मजल्यावर कायम शास्त्रज्ञांच्या केबिन होत्या तिथं पाट्यांवर बाईचं नाव शोधावं लागायचं. देशभरातल्या संशोधकांत पाचातली एकही बाई पुरती भरत नाही, असं २०१८ च्या सुमाराची सरकारी आकडेवारी सांगते. जगभरात ते प्रमाण साधारण तिनात एक आहे. वाटेत कुणी बायकांना दार लावून घेतं असं मी पाहिलेलं नाही. नियम तर चांगलेच आहेत, पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा आहे, फेलोशिप चालू राहते. पण हे सगळं जोवर तुम्ही फेलो आहात तोवर. माझ्या शेजारच्या बेंचवरची मैत्रीण प्रकल्पावर होती. रजा मिळाली, पण ती परत आली तेव्हा प्रकल्पच संपला होता. रजेचे दिवस शेवटी जोडून द्यायला प्रकल्पाला शेवट उरला नव्हता. तिशी ते पस्तिशी हीच वर्षं मूल होण्याची, हीच सहा सहा महिन्यांच्या नेमणुकांची, आणि हीच वयाची अट संपण्याची. तीन वर्षं घरी राहून तिनं विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठीच्या योजनेत अर्ज केला आणि ती परत बेंचवर आली, ५५,००० वर. ती योजना नसती तर आमच्या क्षेत्रानं एक फार चांगली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपिस्ट गमावली असती.

मी मधल्या काळात खासगी कंपन्यांतही प्रयत्न केला. लस आणि बायोसिमिलर (जैविक औषधांच्या जवळजवळ तशाच आवृत्त्या) बनवणाऱ्या कंपन्या पुणे, हैदराबाद, बंगळुरू या पट्ट्यात भरपूर आहेत. मुलाखतीत विज्ञानाचे प्रश्न दहा मिनिटांत संपायचे. मग विचारणा व्हायची की जीएमपीमध्ये, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाच्या नियमांखाली, काम केलंय का, ऑडिटला सामोरं गेलायत का, बॅच रेकॉर्ड लिहिलंय का. नाही, नाही आणि नाही. एचआरमधला मुलगा फॉर्म भरत होता, त्यानं विचारलं, "करंट सीटीसी?" मी फेलोशिपची रक्कम सांगितली. "त्यात व्हेरिएबल किती?" म्हणाला. अख्खी रक्कमच व्हेरिएबल आहे, असं तोंडावर आलं होतं. त्यांनी देऊ केलेला पगार फ्रेशर पीएच.डी.चा होता. त्या खुर्चीतून पाहिलं तर त्यांचं चूक नव्हतं. त्यांना ज्या कामाचा अनुभव हवा होता तो माझ्याकडे नव्हता, आणि जो होता तो त्यांना विकत घ्यायचा नव्हता. माझ्यासारखी पीएच.डी.नंतर गेलेली एक जण आता तिथं विभागप्रमुख आहे आणि माझ्यापेक्षा बरीच जास्त कमावते. एम.एस्सी.नंतर लगेच गेलेले तिच्याही पुढे आहेत.

शेवटी जमलं ते दुसऱ्या एका मंत्रालयाच्या संस्थेत. सायंटिस्ट-सी, तिथं वयाची अट ४० होती. पण अनुभवाची अट होती, आणि अनुभव सिद्ध करायला ठरावीक नमुन्यातले दाखले हवे होते. कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, कामाचं स्वरूप, एकूण मानधन. एका ठिकाणचे प्रकल्पप्रमुख निवृत्त झालेले, दुसरीकडे फाइल तळघरात. कागदावरचे ते खंड इथं आडवे आले. छाननी करणाऱ्या बाबूंनी पेन्सिलीनं एकेक दिवस खुणावला आणि खुलासा मागितला. मी प्रतिज्ञापत्र करून दिलं. पीएच.डी.ची पहिली पाच वर्षं अनुभवात धरली गेलीच नाहीत, ती शिक्षणात गेली. तरीही नंतरची वर्षं जेमतेम पुरली.

२०२४ मध्ये रुजू झाले. लेव्हल ११, मूळ वेतन ६७,७००. महागाई भत्ता तेव्हा ५० टक्के झालेला, म्हणजे ३३,८५०, आणि मोठ्या शहराचं घरभाडं पुन्हा ३० टक्के, २०,३१०. एकूण एक लाख बावीस हजारांच्या आत-बाहेर, प्रवासभत्ता वेगळा. एनपीडीएफच्या दुपटीहून जास्त, आणि काम जवळपास तेच. पहिल्या पगारचिठ्ठीत एनपीएसचे १०,१५५ रुपये कापलेले होते, सरकारचा वाटा १४,२१७. म्हातारपणासाठी जमा झालेली माझी पहिली रक्कम, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. मायक्रोबायॉलॉजीतच बी.एस्सी. करून औषध कंपनीत लागलेल्या माझ्या धाकट्या भावाचा पीएफ तोवर बारा वर्षांचा झाला होता. त्याच्याकडून मी चक्रवाढ व्याज नीट शिकून घेतलं. बघा, गणित कुठं सुटतं.

मागच्या वर्षी माझा पहिला प्रकल्प मंजूर झाला, त्यात एक जेआरएफ. जून २०२३ च्या आदेशाप्रमाणे आता ३७,०००, तिसऱ्या वर्षापासून ४२,०००. मुलाखतीला आलेल्यांत बहुतेक मुलीच होत्या. निवडलेल्या मुलीला रुजू होण्याआधी मी फोन केला. तिला सांगितलं की रक्कम चांगली आहे, पण एप्रिल ते जुलैचे पैसे कधी येतील ते माझ्या हातात नाही, चार महिन्यांचं खोलीभाडं बाजूला ठेवूनच ये. दर नेमणूकपत्राची आणि दर मुदतवाढीची प्रत स्वतःकडे ठेव. अनुभवाचा दाखला जाताना नको, दर वर्षी माझ्याकडून सही करून घे. आणि दोन नेमणुकांमध्ये खंड टाकायला सांगितलं तर त्या तारखेचं पत्र लेखी माग. ती सगळं लिहून घेत होती. मग म्हणाली, "मॅडम, मायकोप्लाझ्माची टेस्ट दर महिन्याला करता की पंधरा दिवसांनी?"

पंधरा दिवसांनी, म्हटलं.